स्टुडिओतल्या फोटोंना पाय फुटले

गल्लीत सगळे तिला फोटोवहिनी म्हणत. नवरा गेल्यावर तिने आणि धाकट्या दिराने मिळून स्टुडिओ चालू ठेवला होता. दीर फोटो काढून आतल्या कॉम्प्युटरवर उतरवायचा, वहिनी काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर ते नीटनेटके करून छापायची. दोन्हीकडून उघडणारा एक सामाईक फोल्डर होता.

एका सकाळी त्यातले एका शाळेच्या वर्गवार फोटोंचे फोल्डर उघडेनात. नावं दिसायची, पण क्लिक केलं की काहीच नाही. "मी ठेवले होते," एवढंच दीर म्हणाला. वहिनीच्या मनात पाल चुकचुकली. हल्ली तो फोन आला की बाहेर जाऊन बोलायचा. स्वतःचा स्टुडिओ काढतोय की काय? ताकास तूर न लागू देता ती रोजचं काम पेनड्राइव्हवर घेऊन घरी नेऊ लागली.

मग घरच्या लॅपटॉपवरचे नवऱ्याचे फोटोही तसेच झाले. घराची एक किल्ली दिराकडे असायची. आता मात्र तिला राहवेना.

"भाऊजी, किल्ली द्या."

त्याने ती काउंटरवर ठेवली. "मला वाटत होतं, मला बाहेर काढायला तुम्हीच हे करताय," तो म्हणाला. फोन नोकरीसाठी होते. इथून हाकलल्यावर हाताशी काहीतरी असावं म्हणून.

शेवटी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या बाईंना बोलावलं. त्यांनी एक सेटिंग बदललं आणि सगळे फोल्डर फिकट रंगात उगवले, नवऱ्याचेसुद्धा. बाईंनी समजावलं, कुणा गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हमधून ‘वर्म’ नावाचा, आपोआप पसरणारा व्हायरस शिरलाय. खरे फोल्डर लपवून त्याच नावाचे खोटे ठेवतो. खोट्यावर क्लिक केलं की तो पुन्हा कामाला लागतो. सामाईक फोल्डरमधून दुसऱ्या कॉम्प्युटरवर जातो, जो पेनड्राइव्ह लावाल त्यावर बसतो. लॅपटॉपपर्यंत त्याला वहिनीनेच नेलं होतं.

"पण आणला कुणी?" वहिनीने विचारलं. ते सांगता येणार नाही, असं बाई म्हणाल्या.

वहिनीने किल्ली परत पुढे केली. "राहू द्या तुमच्याकडेच," दीर म्हणाला. त्याने नोकरी काही धरली नाही, पण घरी येताना आता तो बेल वाजवून दाराबाहेर थांबतो. काउंटरवर कुणी पेनड्राइव्ह ठेवला, की वहिनी आधी त्या माणसाचा चेहरा न्याहाळते.