मशीन तीन दिवस ओरडत होतं

बंद पडलेला कॉम्प्युटर बघायला गेलो की मी आधी त्याच्याभोवती एक प्रदक्षिणा घालायचो. तिचा उपयोग काही नसायचा, पण तेवढ्यात काय बोलायचं ते सुचायचं. अंबाजोगाईला दीड महिन्याचा कोर्स करून मी धारूरला दुकान टाकलं होतं. पाटीवर 'इंजिनिअर' लिहून घेतलं होतं. रंगवणाऱ्यानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. काहीच सुचलं नाही तर मी "व्होल्टेज" म्हणायचो. आमच्या भागात व्होल्टेजवर कुणी वाद घालत नाही.

ते साल दुष्काळाचं होतं. डोंगराखालच्या एका गावातल्या सहकारी दूध संस्थेचा कॉम्प्युटर दसरा झाल्यावर आठव्या दिवशी बंद पडला. मोठ्या पोटाचा मॉनिटर, पिवळट पडलेला डबा. त्या डब्यावर खंडेनवमीच्या पूजेत मीच काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक अजून ताजं होतं. सकाळच्या दुधाच्या पावत्या त्याच्यावर निघायच्या. चारा नव्हता, दूध निम्म्यावर आलं होतं, कॅन उचलताना आत डुचमळल्याचा आवाज यायचा.

संस्थेत एक शिपाई होते. सगळं गाव त्यांना मामा म्हणायचं, मीही म्हणायचो. चाळिशीपर्यंत त्यांनी ऊस तोडला होता. संस्थेत लागले त्या दिवशी कोयता माळ्यावर टाकला, तो तिथंच होता. बायकोला ते दर दसऱ्याला सांगायचे, "शस्त्राची पूजा खालूनच कर. त्याला खाली उतरवू नगं." आता ते साठीला आले होते. कॉम्प्युटर पुसायचं काम त्यांचंच, आणि कोरड्या फडक्यानं. ओल्या फडक्याला पाणी कुठं होतं?

पहिल्या दिवशी मी बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळाच राहिला, आणि लांब आवाज सुरू झाला. टूंऽऽ. थांबून पुन्हा टूंऽऽ. लोडशेडिंग चालू होतं, मशीन यूपीएसवर होतं. लाइट गेली की यूपीएस ओरडतोच, हे आमच्याकडे शेरडाकरडांनाही ठाऊक आहे. मी म्हणालो, "बॅटरी गेली." यूपीएस काढला, मोटरसायकलला बांधला आणि दुकानात नेला. दोन दिवस चार्जिंगला लावून त्याच्याकडे बघत बसलो.

तिसऱ्या दिवशी यूपीएस दुकानातच विसरून मी संस्थेत हजर झालो. लाइट होती. वायर थेट भिंतीत लावली, बटण दाबलं.

टूंऽऽ.

यूपीएस दहा मैलांवर माझ्या दुकानात, आणि आवाज इथं. मामा दारात उभे होते. ते म्हणाले, "इंजिनेर, यूपीएसची लई याद येतीया वाटतं मशीनला."

तेव्हा मला कोर्समधला एकुलता एक लक्षात राहिलेला धडा आठवला. असा लांब आवाज थांबून थांबून आला की समजायचं, रॅमची, म्हणजे मेमरीची, पट्टी नीट बसलेली नाही. मशीन तीन दिवस स्वतःचं दुखणं स्वतः सांगत होतं. मी ते ऐकून घरी जात होतो.

डबा उघडला. आत मुंग्या. रॅमच्या खाचेत, खालच्या बोर्डावर, मेलेल्या लाल मुंग्यांची रांग. तेवढ्यात चेअरमन आत आले. गावातले मोठे बागायतदार, पांढरे कपडे, आवाज मोठा. मला तीन दिवसांची लाज झाकायची होती. मी मान वर न करता जाहीर केलं, "साहेब, चहा सांडलाय. गोड असल्याशिवाय मुंग्या येत नाहीत."

ह्यातलं दुसरं वाक्य खरं होतं.

चेअरमननी मामांकडे बघितलं. "मामा, हितं चहा कोण आणतं?"

"मीच."

"टेबलावर कोण ठेवतं?"

"मीच ठिवतो."

"मंग?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, मदत मागतायत. मी स्क्रू मोजू लागलो.

चेअरमन खुर्चीत बसले आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "दूध ऱ्हायलं न्हाई. एक माणूस कमी करा म्हणून वरून सारखं सांगणं हाय. कुणाला जा म्हणू, ह्येच मला ठरवता येत न्हवतं. आता मशीननंच ठरवलं. मामा, उद्यापासनं नगा येऊ."

मामांनी किल्ली टेबलावर ठेवली. फडकं घडी करून खिडकीत ठेवलं. गेले.

मी पट्टी काढली आणि शाळेतल्या खोडरबरानं तिचे पिवळे दात घासायला घेतले. हा आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा उपचार. रबर लाल झालं. चहानं रबर लाल होत नाही. खाचेतून चिमट्यानं एक पांढरा, बारीक तुकडा निघाला. नाकाशी नेला. खोबरं.

आणि मला खंडेनवमी दिसली. यंत्राचा माणूस म्हणून चेअरमननी पूजेचा मान मला दिला होता. उंबऱ्यावर नारळ फोडला, पाणी कुंकवाच्या वाटीत धरलं. पाणीटंचाईचं साल, जमिनीवर कशाला सांडायचं, असं म्हणून मी आंब्याचं पान वाटीत बुडवलं आणि अर्धवट पाठ असलेला मंत्र म्हणत मशीनवर शिंपडलं. पुढून शिंपडलं, मग जास्तच अंगात आलं म्हणून मागच्या जाळीतूनही शिंपडलं. मामा तेव्हा म्हणाले होते, "इंजिनेर, आत जाईल की ते." मी म्हणालो होतो, "मामा, देवाचं पाणी आहे. ह्यानं काय होतंय?"

पट्टी बसवली. बटण दाबलं. एक छोटासा आवाज आला आणि पडदा उजळला. चेअरमन म्हणाले, "वा रे पठ्ठ्या!" तो तुकडा माझ्या मुठीत होता. मी म्हणालो, "त्यात काय साहेब," आणि मोटरसायकलला किक मारली.

ही माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक. बाकीच्या चुकांवर मी लोकांना हसवतो. हिच्यावर कुणी हसत नाही, आणि हसवण्याची मला इच्छाही नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तर काउंटरवर ते लाल रबर. त्याच्याकडे बघत दुपारपर्यंत बसलो, मग संस्थेत जाऊन चेअरमनना सगळं सांगितलं. ते आधी हसले. मग हसायचे थांबले.

"काल का बोलला न्हाईस रं?"

व्होल्टेज म्हणता येत नव्हतं.

"जा. त्यास्नी म्हणावं, या उद्या. वरच्यांचं मी बघतो."

मामांच्या अंगणात गेलो तेव्हा ते दगडावर कोयता घासत होते. इतक्या वर्षांच्या गंजाचं लाल पाणी दगडावरून ओघळत होतं. त्या घरात तेवढंच पाणी मला सांडलेलं दिसलं. मामी बोचकं बांधत होत्या. सकाळीच ऊसतोडीचा मुकादम येऊन गेला होता. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात, आणि त्याच्या टोळीत एक कोयता कमी पडत होता. मामांनी होकार दिला होता. परवा ट्रक निघणार होता.

मी सगळं सांगितलं. ते घासत राहिले.

"मुकादमाला नाही म्हणून सांगा ना, मामा."

"शबूद दिलाय. आमी न्हाई गेलो तर टोळी अडती. सकाळी आला असतात तर गोष्ट येगळी व्हती."

"तुम्ही काल बोलला का नाहीत? तुम्हाला माहीत होतं."

त्यांनी कोयत्याच्या धारेवर अंगठा फिरवून बघितला. "बोललो व्हतो की. खंडेनवमीलाच बोललो व्हतो. दुसऱ्यांदा बोलायला मी काय यूपीएस हाय व्हय?"

मामी तोंडाला पदर लावून हसल्या. मग तोच पदर डोळ्यांना लावला.

ट्रक गेला. मी चेअरमनना म्हणालो, "ही जागा मोडू नका. मामा येईपर्यंत त्यांचं काम मी करतो."

"फुकट?"

"फुकट."

"मंग वरच्यांना काय कळतंय! कर."

सहा महिने रोज पहाटे डोंगर उतरून मी संस्था उघडली, झाडली, कॅन धुवायला टँकरवरून मोजून घागरी आणल्या, आणि कॉम्प्युटर कोरड्या फडक्यानं पुसला. "इंजिनिअर झाडतोय," म्हणून दूध घालायला येणारे लोक मुद्दाम धुळीचे पाय घासत आत यायचे. बरोबरच होतं त्यांचं.

गुढीपाडवा होऊन गेला आणि टोळ्या परतल्या. एका सकाळी मामा दारात उभे. निम्मे झालेले, काळेठिक्कर. चेअरमननी वर बघितलं आणि नुसतं म्हणाले, "बसा." मी किल्ली पुढे केली. मामा आधी मशीनकडे गेले. डब्यावरून बोट फिरवलं आणि माझ्यापुढे धरलं.

"पुसता का नुसतं बघता?"

मग खिडकीतलं फडकं त्यांनी घेतलं. कोयत्यानं आखडलेल्या उजव्या हाताची मूठ पुरती मिटत नव्हती, अंगठा बाहेरच राहत होता. एकदा धरून बघितलं, फडकं निसटलं. ते त्यांनी उचललं, डाव्या हातात घेतलं आणि डबा पुसायला लागले. पुढून पुसला, मग मागून. मागची जाळी त्यांनी बराच वेळ पुसली.