शून्यं जास्त पडलेला तारा

लग्न होऊन मी खांदा कॉलनीत आले, तेव्हा नवऱ्याचा पीएच.डी.चा प्रबंध शेवटाला आला होता. विषय होता ताऱ्यांचं प्रभामंडल, म्हणजे ताऱ्याभोवतीचा विरळ, तापलेला वायू. मी बी.कॉम., पण टायपिंग चांगलं, म्हणून प्रकरणं टाईप करायला माझ्याकडे आली.

पहिल्याच पानावर मी अडले. ताऱ्याच्या पृष्ठभागाचं तापमान काही हजार अंश आणि बाहेरच्या वायूचं लाखोंच्या घरात!

"अहो, इथे शून्यं जास्त पडलीत."

"नाही, बरोबर आहे."

"शेगडीपासून लांब गेलं की ऊब कमी होते ना?"

"होते. इथे होत नाही. का होत नाही, यावर अजून वाद चालू आहेत."

जेवताना सासऱ्यांनी विषय काढला. ते निवृत्त गणितशिक्षक. नवऱ्याने समजावलं, की या वायूला मिळालेली ऊर्जा तीन वाटांनी जाते: थोडी प्रकाशातून, थोडी खाली ताऱ्याकडे परत, आणि थोडी बाहेर वाहणाऱ्या वाऱ्याबरोबर.

"म्हणजे ऊर्जा वाढवली की तापमान वाढणार," सासरे म्हणाले.

"फारसं नाही, बाबा. खालून आणखी वायू वर येतो, वारा वाढतो. ताऱ्याचं वस्तुमानच जास्त निघून जातं."

मला एकदम उकळतं पाणी आठवलं. "गॅस मोठा केला तरी पाणी तेवढंच गरम, वाफ मात्र जास्त. तसंच ना?"

"तसंच," तो म्हणाला. मग घास हातात धरून म्हणाला, "म्हणजे, अगदी तसं नाही."

"अरे, काहीतरी एक सांग!" सासरे वैतागले.

दुसऱ्या दिवशी त्याने गणित पुन्हा तपासलं. प्रबंधातल्या बाकीच्या ताऱ्यांचा हिशेब जमत होता. एका ताऱ्यात मात्र मिळालेल्या आणि गेलेल्या ऊर्जेचा मेळ बसेना. मार्गदर्शक म्हणाले, तो तारा वगळ. नवऱ्यालाही गणितात चूक सापडत नव्हती, पण वगळायचं मनाला पटेना. मी टाईप केलेली पानं रद्द होत राहिली. शेवटी त्याने तो तारा ठेवला आणि खाली सरळ लिहिलं, की याचं उत्तर आम्हाला मिळालेलं नाही.

पदवी मिळाली. पेढे द्यायला गेलो, तर शेजारच्या काकूंनी वाऱ्याबरोबर झिजणाऱ्या ताऱ्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आपला सूर्यपण असा झिजतो का गं?"

"झिजतो, पण अगदी थोडा," मी म्हटलं.

"मग घाबरण्यासारखं नाही ना?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. "नाही," तो म्हणाला, आणि लगेच, "तसं पाहिलं तर..."

काकूंनी पेढा तोंडात टाकला आणि माझ्याकडे पाहू लागल्या.