कंपाउंडरच्या चिठ्ठ्या

औषधाची बाटली उजेडाकडे धरायची, तिच्या कडेला चिकटवलेल्या कागदी पट्टीच्या खाचेवर अंगठ्याचं नख टेकवायचं आणि रोग्याला विचारायचं, "दिखस ना? आठलगून एक येळ. मंग दुसरी." आमच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरची ही पद्धत. रोगी मान हलवेपर्यंत बाटली काही हातातून सुटत नसे.

रनाळ्याच्या पुढच्या एका गावात मी मास्तर म्हणून लागलो, तेव्हा एकोणीसशे साठ तोंडावर आलं होतं. शाळा सुटल्यावर बसायला जागा एकच, दवाखान्याचा ओटा. तिथेच मला कंपाउंडरांचा खेळ कळला. खेळ म्हणजे नुसत्या चिठ्ठ्या. प्रत्येक चिठ्ठीवर एक जागा आणि पुढचे दोन-तीन रस्ते. ‘तू घाटात आहेस. समोर गुहा आहे. आत शिरायचं तर चिठ्ठी सात. वळसा घालायचा तर अकरा.’ खेळणाऱ्याजवळ वस्तू असायच्या: काडेपेटी, दोर, पाण्याचा भोपळा. त्यांच्याही चिठ्ठ्या, आणि त्यांना बाटलीच्या पट्टीसारख्याच खाचा. वस्तू वापरली की एक खाच फाडायची. खाचा संपल्या की वस्तू संपली.

"काड्या तीनच का?" मी विचारलं. "पाच द्या की."

"पाच दिध्यात ते मानूस फुकट पेटाडस, गुरुजी. एक दिधी ते भ्यावमुळे पेटाडतच नही. तीन बराबर."

माझं अक्षर बरं, म्हणून चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे आलं.

हा सगळा खटाटोप दवाखान्याच्या मागच्या पडवीतल्या एका रोगी बाईसाठी होता. तापीकाठच्या गुजर शेतकऱ्याच्या घरातली, चौथी शिकलेली. क्षय झाला म्हणून सासरच्यांनी तिला इथल्या खाटेवर आणून सोडलं होतं. महिनोन् महिने सासरचं कुणी भेटायला फिरकलं नाही. तिला रोज तीन गोळ्या आणि रोज दोन नव्या चिठ्ठ्या मिळत.

तिची एक गोष्ट कंपाउंडरांना खटकायची. शेवटची काडी ती कधी वापरतच नसे. खेळातल्या गुहेत ठेचकाळून मरायची, पण काडी शाबूत.

"अवं माय, ती पेटाडासाठे शे! ठेवी देवासाठे नही!"

"ऱ्हाऊ द्या भाऊ," ती म्हणायची. "कामे येई."

मग ते हसायचे, मीही हसायचो.

एका दुपारी मी आलो, तर कंपाउंडर पडवीत उभे होते. झाडणाऱ्या बाईने ऊन दाखवायला गादी उचलली होती. खाली फडक्याची पुरचुंडी निघाली होती आणि ती त्यांच्या हातात उघडी होती. आत ओंजळभर गोळ्या. घामाने एकमेकींना चिकटलेल्या. पाच महिने ही बाई सुधारत का नाही, म्हणून डॉक्टर हैराण होते. मला आधी काही कळेच ना.

"ह्या कसाले ठेव्यात?" त्यांनी पुरचुंडी तिच्यापुढे धरली.

"तीनमाईन एक ठेवू मी," ती म्हणाली. "मन्ही पोर घर खोकली ऱ्हायनी, भाऊ. मी मरनू ते तिले कोन दी?"

ते खाटेच्या कडेवर बसले. त्या खाटेवर दवाखान्यातलं कुणी बसत नसे. माझ्याकडे न बघताच बोलले, "आपन हासत व्हतूत, गुरुजी. ती सांगत व्हती."

त्याच पावली सायकल काढून ते तिच्या गावी गेले. पोरीला काही झालेलं नाही, असं सांगून सासऱ्याने दारातूनच परत फिरवलं. ते त्या घराच्याच ओट्यावर बसून राहिले. दिवस कलला तेव्हा कुणीतरी आतून पोरीला बाहेर आणून सोडलं. सात वर्षांची, मूठभर जीव. दवाखान्यात आणून तपासलं, तर आईचंच दुखणं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून नवी वस्तू लिहून घेतली. ‘कापूर. पेटवलास तर एक खाच फाड. नाही पेटवलास तरी प्रत्येक चिठ्ठीला एक खाच फाड.’

बाईने ती चिठ्ठी दोनदा वाचली. मग उशाशी ठेवलेली तिसरी गोळी उचलली आणि आमच्यादेखत गिळली.

पण उशीर झाला होता. चैत्रात ती गेली. तिची गादी जाळली, तेव्हा कंपाउंडरांनी चिठ्ठ्यांचा गठ्ठाही त्यात टाकला. सगळं अक्षर माझं होतं. मी अडवलं नाही.

पोर मात्र वाचली. तिला त्यांनी आमच्या गावातच तिच्या मावशीकडे ठेवलं आणि दीड वर्ष रोज सकाळी स्वतः जाऊन गोळ्या दिल्या. मी एकदा नव्या खेळाचा विषय काढला. "नही, गुरुजी," एवढंच म्हणाले आणि बाटल्यांच्या पट्ट्या कापायची कातर खाली ठेवून आत गेले.

काही दिवसांनी त्यांची बदली वर सातपुड्यात, काठी गावाच्या बाजूला झाली. मला त्यांनी सांगितलंसुद्धा नाही. मी नेहमीसारखा गेलो, तर खिडकीत दुसराच माणूस. मागची पडवी चुन्याने पांढरी केलेली, खाट हलवलेली.

"बोला, काय होतंय?" नव्या माणसाने विचारलं.

काही नाही म्हणालो. माझ्या मागे चार रोगी खोळंबले होते, तरी मला खिडकीपासून हलता येईना.