ज्या गावाला सांगायचं नव्हतं

माझी जीप भाड्यानं चालते. सिंदेवाहीपासून धानोऱ्यापर्यंत नवरदेव वाहिले, पेशंट वाहिले, निवडणुकीची माणसं वाहिली. पण विद्यापीठाच्या त्या अभ्यासवाल्यांची जेवढी शिसारी आली, तेवढी कुणाची आली नाही. त्याच फेऱ्यांत अन्नपूर्णाबाई हलामी भेटली, म्हणून हे सांगतो.

बाई धानोऱ्याकडच्या जंगलातल्या गावची. थोडं धान, मोहफुलं आणि तेंदूपत्ता यांवर घर चालतं. काही वर्षं आश्रमशाळेत स्वयंपाकाला होती, त्यामुळे गोंडी आणि मराठी दोन्ही फटाफट बोलते. आजूबाजूच्या कुणालाही दवाखान्यात किंवा बँकेत जायचं झालं की बाई सोबत लागते. एकदा डॉक्टर एका म्हातारीला "गोड बंद" एवढंच म्हणाला, तर बाई तिला कितीतरी वेळ समजावत बसली. "मी एवढं कुठं बोललो?" म्हणून डॉक्टर वैतागला. बाई म्हणाली, "आमच्या भाषेत जरा लांबच होते, साहेब."

तर गेल्या वर्षी विद्यापीठातून एक मोठ्या मॅडम आल्या, सोबत पियुष नावाचा संशोधक. जंगलातली पोरं विद्यापीठात का येत नाहीत आणि त्यांच्यापर्यंत कसं पोहोचायचं, हा त्यांचा अभ्यास. गाडी माझी, दुभाषी बाई.

पहिल्या दिवशी रस्त्यालगतच्या गावात मॅडमनी सगळं सांगितलं. पोरींना फी नाही, होस्टेल फुकट, जेवण फुकट, कागद कोणते लागतात, शेवटची तारीख कोणती. बाईनं ते घरोघरी गोंडीत सांगितलं. वाटलं, चला, कुणीतरी कामाचं माणूस आलं.

दुसऱ्या दिवशी डोंगराआडच्या गावी निघालो, तेव्हा मॅडम गाडीत म्हणाल्या, "इथे फक्त प्रश्न विचारायचे. माहिती अजिबात द्यायची नाही."

"काऊन?" बाईनं विचारलं.

"एका गावाला सांगायचं, एकाला नाही. मग वर्षानं बघायचं, सांगितल्यानं फरक पडतो का."

"म्हंजे इथल्या पोरी घरीच राह्यल्या, तं तुमचं बरोबर निंगलं?"

"किती पटकन कळलं हो तुम्हाला!" मॅडम खूश झाल्या.

मी गिअर खाडकन बदलला. एकाला जेवू घालायचं, दुसऱ्याला उपाशी ठेवायचं, आणि मग कोण अशक्त झालं ते लिहून काढायचं! शिकून माणूस इथवर येतो?

डोंगराआड आम्ही दसरू उसेंडीच्या अंगणात बसलो. खाट आली, पाणी आलं, मग भात आणि वास्त्याची, म्हणजे कोवळ्या बांबूची भाजी. मॅडमनी दोनदा मागून घेतली, वर ताटाचा फोटो काढला. दसरूची पोरगी दिव्यानी बारावी चांगल्या मार्कांनी पास झालेली. मॅडमसमोर येऊन ती उभी राहिली.

"म्याडम, मले पुढं शिकाचं हाय. कुठी जाचं, केव्हा जाचं, कोनीच सांगत नाई. नाई जमलं, तं धानाची रोवणी करीन आन् हिवाळ्यात मायसंगं मिरची तोडाले तेलंगणात जाईन."

शेवटची तारीख होती येत्या सोमवारी. मॅडमना ती तोंडपाठ होती. तोंडात त्याच घरचा भात होता. आणि त्या म्हणाल्या, "छान हं. नंतर सांगू."

पियुष हळूच म्हणाला, "मॅडम, निदान तारीख तरी सांगूया..."

"नमुना बिघडेल, पियुष."

थुंकावंसं वाटलं. पण अंगण दसरूचं होतं, म्हणून गिळलं.

मग मॅडमनी दिव्यानीच्या आईसाठी प्रश्न सांगितला, "मुलीनं पुढे काय करावं असं तुम्हाला वाटतं?" बाई त्या माउलीकडे वळली आणि गोंडीत सुरू झाली. या भागात गाडी हाकून हाकून मला गोंडी कळते. बाई प्रश्न विचारतच नव्हती. फी नाही, जेवण आहे, कागद हे हे न्या, सगळं सांगत होती. 'होस्टेल' नाही, 'सोमवार' नाही. मॅडमना कळेल असा एक शब्द तिनं तोंडातून निघू दिला नाही. होस्टेलचं झालं पोरींचं झोपायचं घर, सोमवारचा झाला आठवडी बाजारानंतरचा दिवस. दिव्यानी खाली मान घालून ऐकत होती, चेहऱ्यावरची रेघ हलू देत नव्हती.

"मावशी, प्रश्न तर एवढासा होता," पियुष म्हणाला.

"आमच्या भाषेत जरा लांबच होते."

मॅडमनी ते कौतुकानं टिपून घेतलं. संध्याकाळपर्यंत प्रत्येक अंगणात प्रश्न तसाच लांबला.

दिव्यानी शिकायला गेली. गावातल्या आणखी पोरीही गेल्या. आज ती होस्टेलमध्ये आहे.

यंदा गडचिरोलीला सभागृहात मॅडमनी निष्कर्ष सांगितला. दोन्ही गावांतून सारख्याच संख्येनं पोरी आल्या, म्हणजे सांगितल्यानं काही फरक पडत नाही. सबब गावोगाव जाऊन सांगणं बंद. टाळ्या पडल्या. बाईला शाल मिळाली. ती घेऊन बाई थेट मॅडमकडे गेली, मी मागेच होतो.

"म्याडम, त्या गावाले म्या सांगितलं होतं. सगळं सांगितलं होतं. सांगनं बंद नका करू."

मॅडम हसल्या. बाईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तुमचं मन मोठं आहे, मावशी. पण एका बाईच्या सांगण्यानं असं होत नसतं."

या माणसांना शिव्या घालाव्यात, तर शिव्याही वाया जातील. यंदा रस्त्यालगतच्या गावाला कुणी काही सांगितलं नाही. तिथल्या पोरी चिखलात रोवणीला उभ्या आहेत.

आणि परवा मॅडमचा फोन आला. नवा अभ्यास आहे, त्या गावच्या पोरींचे अर्ज यंदा अचानक का थांबले? गाडी माझीच, दुभाषी बाईच. मी तिच्या दारात जाऊन विचारलं, "बाई, येता का पुन्हा यांच्यासंगं? मले तं किळस येऊन राह्यली."

"यंदा सांगाचं हाय, का नुसतं इचाराचं हाय?"

"नुसतं इचाराचं."

बाईनं दार ओढून घेतलं, चप्पल घातली आणि गाडीत पुढं येऊन बसली.

"चाला, नथ्थूभाऊ. फक्त यंदाची शेवटची तारीख कोनती हाय, ते मोबाइलवर पाहून द्या मले."