एलिनेडचं घर नेमकं कुठलं?

एलिनेड रोलंड्सने घर विकायला काढलंय हे आम्हाला पाटीवरून कळलं. मी तेव्हा आमच्या पेंत्रेगारेग गावच्या पोस्टात काउंटरवर बसायचे. सोमवारी सकाळी दार उघडलं, तर समोरच्या चढावर ओढ्यालगतच्या दगडी घराच्या कुंपणाला हिरवी-पांढरी पाटी ठोकलेली. दहा वाजता ती पेन्शन न्यायला आली.

"अगं, खरंच विकतेयस?" मी विचारलं.

"बहुतेक," ती म्हणाली.

एलिनेड तेव्हा एकाहत्तर वर्षांची होती. गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात तिने अठ्ठावीस वर्षं काढलेली. त्यामुळे गावातल्या निम्म्या माणसांना तिच्या हातची खीर आवडायची आणि बाकीच्यांना ती संपवल्याशिवाय उठू न देणारी एलिनेड आठवायची. नवरा मेल्व्हिन जाऊन बारा वर्षं झालेली. गुडघे दुखायचे, आणि तिच्या घराचा जिना म्हणजे शिडीच. मुलगी नेरिस रेक्सम शहरात राहायची. "आई, माझ्याकडे चल," हे नेरिस तीन वर्षं म्हणत होती. शेवटी एका रविवारी फोनवर एलिनेड "बरं" म्हणाली आणि नेरिसने दुसऱ्याच दिवशी दलालाला गाठलं.

दलालाने छापलेली जाहिरात घेऊन एलिनेड माझ्याकडे आली. चष्मा लावून मोठ्याने वाचायला लागली, "ऐतिहासिक गावातलं जुन्या काळातलं दगडी घर. मूळ वैशिष्ट्यं जशीच्या तशी. ओढ्याची सतत सोबत." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मूळ वैशिष्ट्यं म्हणजे काय गं?"

"तुळईला डुक्कर टांगायचा आकडा आहे ना, तो असेल."

"आणि ओढ्याची सोबत?"

"भिंतीतली ओल."

आम्ही दोघी खूप हसलो. पण कागदाची घडी घालताना ती म्हणाली, "वाचून वाटतं, घ्यावं की काय आपणच."

पाटी लागल्यावर पंधरा दिवसांत चेस्टरकडचं एक जोडपं आलं, त्यांना घर आवडलं, सौदा ठरला. आता फक्त कागद व्हायचे होते. घराचे जुने दस्त मेल्व्हिनने बिस्किटाच्या डब्यात ठेवलेले. तो डबा घेऊन एलिनेड शहरातल्या वकीलबाईंकडे, मिस प्रोबर्टकडे गेली. तिथल्या दुसऱ्या फेरीनंतर परतली ती थेट पोस्टात. पावसाने ओली झालेली, टोपीही काढली नाही.

"माझं घर माझं नाहीये," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"शेजारच्या इदवालचं आहे. आणि इदवालचं माझं."

तिला बसवलं, चहा दिला, तेव्हा कुठे नीट कळलं. एलिनेडचं आणि इदवाल पेन्रीचं घर ही जोडघरं. मधे एकच भिंत. ओढ्याकडचं खालचं घर एलिनेडचं, उन्हाकडचं वरचं इदवालचं. गावात कुणालाही विचारा, हेच सांगेल. पण एकोणीसशे एकवीस साली जहागीरदाराने कुळांना घरं विकली, तेव्हाच्या नकाशात उलटं होतं. एलिनेडच्या आजोबांच्या नावावर वरचं घर आणि इदवालच्या आजोबांच्या नावावर खालचं. त्यानंतर एकदाही विक्री झाली नाही. बापाकडून मुलाकडे घर जात राहिलं आणि कागद उघडून बघायची वेळ कुणावर आली नाही.

"नकाशाच चुकला असेल," मी म्हटलं.

"मीही तेच म्हटलं. पण दोन्ही दस्तांत तसंच आहे. इदवाललाही बोलावून त्याचेही तपासले त्यांनी."

"मग आता?"

"त्या म्हणतात, दोघांनी सह्या करून अदलाबदल करा, होईल सरळ. नेरिस फोनवर म्हणते, आई, सही करू नकोस. वरच्या घराला बाग आहे, ऊन आहे, तेच वीक." तिने कप खाली ठेवला. "आणि इदवाल काहीच म्हणत नाही."

इदवाल काही म्हणत नाही यात नवल नव्हतं. शहात्तर वर्षांचा, बिनलग्नाचा, जन्मभर रानातल्या दगडी बांधांची कामं केलेला माणूस. एलिनेडशी त्याचं वैर नव्हतं, पण बोलणं हवेपलीकडे जायचं नाही. "गारठा आहे." "हो, आहे." संपलं. पण या वेळी तो पोस्टातही यायचा बंद झाला. दोनदा मी त्याला रस्त्यात बघितलं, तर दोन्ही घरांच्या मधोमध उभा राहून भिंतीकडे बघत होता. जन्मभर दगड हाताळलेल्या माणसाला जणू तो दगड ओळखू येत नव्हता.

त्या गुरुवारचं मी स्वतः पाहिलं. नऊच्या सुमारास इदवाल घरातून बाहेर आला. ढकलगाडीत भिंतीवरचं घड्याळ, आईवडिलांचा फोटो, एक उशी आणि कोटांचा गठ्ठा. वर अर्धवट ताडपत्री. तो वीस पावलं उतरला आणि एलिनेडच्या दारासमोर थांबला. मी पोस्टाला कडी घालून धावले.

एलिनेडने दार उघडलं. "हे काय रे इदवाल?"

"सामान."

"ते दिसतंय मला. कुठे निघालास?"

"इथे," तो म्हणाला. "आजवर वरच्या, तुझ्या घरात राहिलो मी. कागदात आहे तसं. दुसऱ्याच्या घरात फुकट राहणारा माणूस नाही मी."

"अरे, मग मी कुठे जाऊ?"

याचा विचार त्याने केलेला दिसला नाही. त्याने गाडीच्या दांड्या खाली टेकवल्या. पाऊस सुरू झाला होता. मग हळूच म्हणाला, "माझा जन्म वरच्या माडीवरचा. म्हणजे मी तुझ्या घरात जन्मलो का गं?"

"मला नाही माहीत, इदवाल."

"बापही तिथेच गेला माझा."

"मेल्व्हिन इथे गेला," एलिनेड म्हणाली. "तुझ्या घरात. आता काय करायचं, सांग."

दोघांनीही माझ्याकडे बघितलं. मला काय सुचणार! मी म्हटलं, "आधी घड्याळ आत घ्या, भिजतंय."

तर इदवाल पेन्री कितीतरी वर्षांनी एलिनेडच्या घरात आला. तिने बेदाण्याचा पाव कापून लोणी लावून दिला. तो खाताना सगळीकडे बघत होता. चूल त्याच्याकडे डावीकडे, इथे उजवीकडे. जिनाही तिकडे डावीकडे, इथे उजवीकडे. "आरशात आल्यासारखं वाटतंय," तो म्हणाला. दुसरा काप घेताना त्याला दिलिसआत्याची आठवण झाली. ही त्याच्या वडिलांची बहीण. चौऱ्याण्णव वर्षांची, शहरातल्या वृद्धाश्रमात. जुन्यांपैकी तेवढी एकच उरली होती. तिला विचारायचं ठरलं.

शनिवारी माझ्याच गाडीने आम्ही तिघं गेलो. दिलिसआत्या खिडकीशी बसलेली, मांडीवर शाल. इदवालला तिने ओळखलं नाही. पण एलिनेडला बघताच तिचा चेहरा उजळला. एलिनेड आपल्या आजीच्या, हॅनाच्या, वळणावर गेलेली. तेच रुंद कपाळ.

"हॅनाकाकू!" आत्या म्हणाली. "आलात? आईला बरं आहे आता. खोकला थांबलाय."

इदवाल आत्याची चूक सांगायला पुढे झाला. एलिनेडने त्याला हाताने मागे सारलं आणि आत्याच्या शेजारी बसली.

"हो का? बरं झालं," ती म्हणाली. "मला पुन्हा एकदा सांग बघू, कसं झालं ते."

आत्याने सांगितलं. मधेच चहाची चौकशी करत, मधेच शाळेतल्या मास्तरांना नावं ठेवत, पण सांगितलं. ती नऊ वर्षांची असताना तिच्या आईच्या छातीत कफ धरला. डॉक्टर म्हणाले, ओढ्याजवळच्या ओलीत ही हिवाळा काढणार नाही. त्याच संध्याकाळी हॅनाकाकू आली आणि म्हणाली, आमच्या घरात या, ते कोरडं आहे, वसंतात परत जाल. एका दिवसात दोन्ही घरांची बिऱ्हाडं हलली. दिलिसने स्वतः उश्या वाहिल्या होत्या.

"आई म्हणते, किती दिवस त्यांच्या घरात राहायचं?" आत्याने एलिनेडचा हात धरला. "तुम्ही कधी परत घेणार तुमचं घर, काकू?"

एलिनेडने आत्याच्या मांडीवरची शाल नीट केली. इदवाल जमिनीकडे बघत होता.

"असू दे गं," ती म्हणाली. "घाई नाही काही. आईला सांग, राहा म्हणावं."

"सांगते," आत्या म्हणाली आणि समाधानाने खिडकीबाहेर बघायला लागली.

संध्याकाळपर्यंत आम्ही गावात परतलो. आणि यानंतर सगळं सरळ झालं असंही नाही. एलिनेडचं मन रोज बदलायचं. एके दिवशी म्हणायची, सही करून टाकते. दुसऱ्या दिवशी म्हणायची, आजीने एका हिवाळ्यासाठी दिलं होतं, कायमचं देणारी मी कोण? नेरिस फोनवर रागवायची. इदवाल म्हणायचा, "तू सांगशील तिथे राहतो," आणि त्याने ती आणखीच गोंधळायची. एकदा तर तिने त्यालाच विचारलं, "मी रेक्समला जाऊ की नको?" तो म्हणाला, "गारठा कमी असतो म्हणतात तिकडे."

शेवटी फेब्रुवारीत दोघांनी मिस प्रोबर्टच्या टेबलावर सह्या केल्या. ज्याचं राहतं घर त्याच्या नावावर. नेरिस दोन आठवडे बोलली नाही, मग बोलली. कागद दुरुस्त होऊन यायला उन्हाळा उजाडला. तोवर चेस्टरचं जोडपं कंटाळून दुसरीकडे गेलं होतं. घर घेतलं आमच्याच खोऱ्यातल्या एका नर्सबाईंनी. आल्या आल्या त्यांनी ओढ्याकडच्या भिंतीचं काम काढलं.

एलिनेड आता रेक्समला नेरिसकडे तिसऱ्या मजल्यावर राहते. लिफ्ट आहे, गुडघ्यांना आराम आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी चॅपलमधल्या प्रार्थनेसाठी गावात येते आणि आदल्या दिवशी इदवालकडे मुक्काम करते. त्याने माडीवरची खोली तिच्यासाठी रंगवली आहे. पहिल्या मुक्कामाला सकाळी ती उठली, सवयीने उजवीकडे वळली आणि कपाटावर आदळली. खालून इदवाल ओरडला, "डावीकडे, एलिनेड! जिना डावीकडे आहे!"

कपाळाला टेंगूळ घेऊनच ती त्या दिवशी चॅपलला आली. बाहेर पडताना मी विचारलं, "झोप लागली का गं?"

"छान लागली," ती म्हणाली. "पण जाग आल्यावर कुठे आहे तेच कळेना. रेक्समलाही तसंच होतं." मग टोपी सारखी केली आणि बसथांब्याकडे निघाली. इदवाल तिची पिशवी घेऊन मागोमाग.