उजव्या बाजूचे पोल

माझी नणंद रागिणी अकोल्यात तंत्रनिकेतनात शिकवते. बोलणं सरळसोट. लग्नाचं कोणी काढलं की म्हणते, "आधी स्थळाचे पोल पाहू द्या." पोल म्हणजे तिच्या गणितातल्या खुणा. लाप्लास रूपांतर केलं की त्या कागदावर उमटतात; डावीकडे पडल्या तर यंत्र धक्का पचवतं, उजवीकडे पडल्या तर धक्का वाढवत नेतं.

आमचे हे, किशोर, तेल गिरणीत बॉयलरवर आहेत. यंदा पियुष नावाच्या इंजिनिअरने दाब सांभाळणारा नवा डबा बसवला. दसऱ्याच्या सकाळी यांनी त्याचे कागद रागिणीला दाखवले. तिने चहा तसाच ठेवला.

"दादा, दोन पोल उजवीकडं हायेत. अन् यानं खाली स्थिर लिवलं."

"खोटं लिवलं?"

"खोटं नाही. स्थिर मानलं तरी गणित जुळते. पण मंग बॉयलरले धक्का बसायच्या आधीच तो कळला पाहिजे. पुढचं देवाले कळते, बॉयलरले नाही."

पेटत्या बॉयलरसमोर बायकापोरांसकट आरती करायची, अशी गिरणीची रीत. रागिणी आमच्यासोबत आली. मालक म्हणाले, "मॅडम, सणाच्या दिवशी अभद्र बोलू नका." पियुष हसला, "अर्धा तास चालवून पाहिला मी."

"झोका हळू वाढते. तासाभरानं दिसन," रागिणी म्हणाली.

मला गणितातलं काही कळत नाही. देवीचं नाव घेतलं, ताट उचललं आणि आरती बाहेर निंबाखाली मांडली. बाया, पोरं माझ्यामागे आली. मी दारात उभी राहिले.

दाबाचा काटा वरखाली होत होता. दर खेपेला थोडा जास्त. डबा सुरू केल्यावर चाळीस मिनिटांनी तो लाल रेघेच्या बोटभर अलीकडून फिरला.

"दादा, हाती घे."

"एक झोका पाहू," पियुष म्हणाला. यांनी मालकांकडे पाहिलं.

"पुढच्या झोक्याले कोणाले इचारायले वेळ नाही," रागिणी म्हणाली.

यांनी डबा बंद केला, झडप हाताने फिरवली. तरी काटा रेघ ओलांडून गेला, तिथेच थरथरत राहिला, मग कसाबसा उतरू लागला.

पियुषचा चेहरा उतरला होता. "मॅडम, असाच डबा मूर्तिजापूरच्या गिरणीत लावला. तो सकाळी आठलेच सुरू झाला."

घड्याळात पावणेनऊ झाले होते. त्याने तिकडे लावलेला फोन रागिणीने हातातून घेतला. पलीकडे नुसती रिंग जात होती.