वरच्या वर्गाचा उमेदवार

आमच्या प्रकाशा गावातल्या एका कारकुनाला शाळेतली योगशिक्षकाची जागा हवी होती. ती मिळवायला गुरुजींच्या शिकवणीचे वर्ग दोन, नवख्यांचा आणि वरचा. हा गडी पंगतीतही पाय लांब करून बसणारा. आम्ही ते ओलांडून वरण वाढायचो. पण नाव दिलं वरच्याला!

मी दुसरीच शिकलो, तरी सांगितलं, "भाऊ, खालना वर्गमा बस."

"आबा, मी कचेरीना माणूस शे. कालना पोरेससंगे बसू?"

परीक्षेत त्याने हातांनी ओढून पद्मासन घातलं. गुरुजी म्हणाले, "आता सोडा." सुटेना. डोळे मिटून म्हणतो, "ध्यान लागनं, गुरुजी."

"खालच्या वर्गात या. जागा तुम्हालाच देतो."

"खालना? मग जागाच नको."

गुरुजी गेले. मग पाय सोडवायला त्याने दाराशी बघत उभ्या असलेल्या मला हाक मारली, तीसुद्धा हळूच.